न बुडणारी वेणी

सुतकात डोक्याला तेल लावत नाहीत, फणीही लावत नाहीत. आज सकाळी सहज हात वर गेला तर बोटं केसांत अडकली, काथ्यात अडकावीत तशी. आत्याबाईंचा दहावा अजून व्हायचा आहे आणि माझं डोकं मात्र मी या घरात प्रथम आले त्या वेळच्यासारखं होऊन बसलं आहे. त्या असत्या तर एव्हाना त्यांनी मला खांबाशी बसवलं असतं आणि मी वैतागले असते. आता कुणी बसवत नाही, तरी मी वैतागलेलीच आहे. या दिवसांत पोथीखेरीज काही वाचू नये, असं मला बजावण्यात आलं आहे. लिहू नये असं कुणी म्हटलं नाही. बहुधा कुणाला सुचलं नसावं. म्हणून थोडं थोडं लिहिते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासूला आत्याबाई म्हणायची रीत दक्षिणेत मागे पडत चालली आहे, असं ऐकते. आमची मंडळी दरबाराबरोबर माळव्यात आली त्याला कैक पिढ्या झाल्या. येताना जे शब्द, जी भांडी आणि जे हट्ट बरोबर आणले ते सगळे त्यांनी घासूनपुसून तसेच ठेवले. अंगणात भाजीवालीशी माळवी बोलायचं, शेजारणीशी हिंदी, पण उंबरा ओलांडला की सगळं देशावरचं. देशावर आता कुणी तसं वागत नसलं तरी.

माझं माहेर धारचं. वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला जरा जास्तच शिकवलं, असं सगळ्यांचं मत होतं, आणि त्यामुळे माझं लग्नही जरा उशिरा झालं. केस माझे जन्मापासून कोरडे, कुरळे नव्हेत, सरळही नव्हेत. नुसते उभे राहणारे. पण धारला त्याचं कुणाला काही वाटलं नाही. न्हायला तळ्याचं पाणी असे. केसांच्या टोकांना फाटे फुटले की आई मला पाटावर बसवी, वेणीचं टोक मुठीत धरी आणि कात्रीने कच्चकन कापून टाकी. एवढ्यावर तो विषय संपे.

देवासला तो विषय सुरू झाला. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी माझा आंबाडा सोडला, केस हातात घेतले आणि एकेक बट उलटून पाहत राहिल्या. वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, गावातच दिल्या होत्या. त्या नवी भावजय पाहायला आल्या होत्या. त्यांनी मात्र लगेच तोंड उघडलं. "आई, हे केस आहेत की सुगरणीचं घरटं? हिच्या डोक्यात चिमणी शिरली तर बाहेर यायची नाही." वन्संचे स्वतःचे केस चमकत असत, पाण्यातून काढलेल्या दगडासारखे. अशा माणसांना दुसऱ्याच्या केसांवर बोलायचा परवाना कोण देतं, कोण जाणे.

आत्याबाईंनी कारण मात्र स्वतःच शोधून काढलं. माझ्याबरोबर वडिलांनी एक पत्र्याची ट्रंक दिली होती, पुस्तकांनी भरलेली. वाचण्याने डोक्यात उष्णता चढते, उष्णतेने मुळं भाजतात, मुळं भाजली की केस वाळतात. आत्याबाईंच्या मनात हे इतकं स्वच्छ होतं की त्यावर बोलायलाच नको होतं. मी विचारलं, मग माझ्या वडिलांचे केस का चांगले आहेत? त्या म्हणाल्या, पुरुषांचं डोकं वेगळं.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असे. दरबारातल्या झाडून सगळ्या घरच्या बायका येत. सासूबाई विधवा. त्या तांबडं आलवण नेसून आत माजघरात बसणार, बाहेर बायकांत येणार नाहीत. बाहेर मिरवायची ती मी, नवी सून, आणि माझ्या डोक्यावरून त्या घराची पारख होणार. हे त्यांनी मला एकदा सांगितलं, शांतपणे. मग तितक्याच शांतपणे सांगितलं की चैत्रापर्यंत केस बसले नाहीत तर ट्रंक धारला परत जाईल आणि पुन्हा यायची नाही. त्या ओरडल्या असत्या तर मी रडले असते. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला कळलं की हे खरं होणार.

तेव्हापासून माझं डोकं हे घरचं काम झालं. शिकेकाई उकळून उकळून पिठल्यासारखी दाट करायची. मेथ्या भिजत घालायच्या, वाटायच्या, थापायच्या. कोरफडीचा चीक, दही, माक्याचा रस घालून कढवलेलं तेल. खोबरेल मुंबईकडून डब्यातून येई आणि माळव्याच्या थंडीत दगड होऊन बसे. डबा चुलीशी ठेवून ते वितळवायचं आणि माझ्या डोक्यावर येईपर्यंत ते पुन्हा गोठायचं. तिळाचं तेल घाण्यावरून ताजं मिळे, थंडीतही पातळ राही. पण ते इकडच्या लोकांचं तेल. आम्ही इथे इतक्या पिढ्या राहिलो, इथला गहू खाल्ला, इथली बोली बोललो, पण डोक्याला इथलं तेल लावलं तर काय झालं असतं, कोण जाणे. दर बुधवारी माझं डोकं मेथ्यांनी कडक व्हायचं. दूधवाली एकदा दारात उभी राहून आत्याबाईंना म्हणाली, "माजी, लाड़ी का बाल तो बुवारी सरीखा है." लाड़ी म्हणजे नवी सून, बुवारी म्हणजे झाडू. आत्याबाईंनी त्या दिवशी तिच्याकडून दूध घेतलं नाही. माझ्याकडे मात्र अशा पाहत राहिल्या की जणू दूध मीच नासवलं होतं.

मला खरं कारण दिसत होतं. ते शोधायला फार शिक्षण लागत नव्हतं. पहाटे विहिरीवर डोक्यावरून न्हायचं, मग सोवळ्यात स्वयंपाक. सोवळ्यात केस मोकळे चालत नाहीत, आणि वाळेपर्यंत थांबायला वेळ नाही. म्हणून ओले केस पंच्याने फटाफट झटकायचे, पिळायचे, घट्ट गाठ मारायची आणि तशीच चुलीपुढे बसायचं. आत ओलं, बाहेर धग. दुपारी गाठ सोडली की आतले केस दमट, वरचे भाजलेले, आणि फणी घेऊन आत्याबाई मुळापासून खाली ओढत यायच्या. फणीला येतील ते केस यायचे, उरतील ते तुटायचे. त्यानंतर त्या माझ्या टोकांकडे पाहून म्हणायच्या, वाचतेस ना, बघ.

मी सांगून पाहिलं. टोकाकडून विंचरू या, आधी खालचा गुंता सोडवू, मग वर जाऊ. त्या म्हणाल्या, उलटी फणी अशुभ. मी म्हटलं, न्हाल्यावर घटकाभर केस मोकळे सोडते, मग स्वयंपाकाला बसते. त्या म्हणाल्या, आणि मंडळी उपाशी? दोन्ही उत्तरं त्या इतक्या पटकन देत की मला वाटे, आधीच तयार करून ठेवली आहेत.

पाण्याचं तर काय सांगू. आमच्या विहिरीचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजत नसे, नुसती उकळत राही. म्हणून डाळीसाठी पाणी रस्त्याच्या पलीकडच्या विहिरीतून येई. देवास तेव्हाही दोन राजांचं होतं, आजही आहे. एक थोरली पाती, एक धाकटी. एकच बाजार, पण रस्त्याच्या या अंगाला एक राज्य, त्या अंगाला दुसरं. आम्ही थोरल्या पातीचे. गोड पाण्याची विहीर धाकट्या पातीत. डाळीसाठी रोज एक घागर राज्य ओलांडून येई. मी एकदा म्हटलं की ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्यात केस तरी कसे मऊ होतील? एक घागर माझ्या डोक्यासाठीही आणू या. आत्याबाईंनी विचारलं, तू डाळ आहेस का? डाळ असते तर बरं झालं असतं, असं मी मनात म्हटलं.

राहिली कात्री. फाटे फुटलेला केस पुन्हा जुळत नाही. त्याला काहीही लावा, तो वर वर चिरत जातो; एकच उपाय, कापून टाकणं. हे मी पहिल्याच महिन्यात बोलले आणि वन्संनी कानांवर हात ठेवले. सवाष्णीच्या केसांना कात्री लागत नाही. कुमारिकेची गोष्ट वेगळी, धारला आईने काय केलं ते आईने केलं. पण मंगळसूत्र गळ्यात पडल्यावर केसांना लोखंड लावणं म्हणजे काय, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मी अडाणीपणाने पुढे रेटलं, म्हटलं, नुसती टोकं कापायची. तेव्हा आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. मी त्यांचं डोकं त्यापूर्वी कधी उघडं पाहिलं नव्हतं.

"माझ्या केसांना एकदा लोखंड लागलं," त्या म्हणाल्या. "गुडघ्याच्या खाली जात होते. तुझ्या केसांना मी लागू देणार नाही, समजलं?"

समजलं. ते सगळं समजूनही माझे केस तसेच फाटत राहिले, ही गोष्ट वेगळी. माझा राग गेला नाही. माणसाचं दुःख खरं असतं आणि त्याच वेळी त्याचं म्हणणं चुकीचं असतं, हे मला तेव्हा फार जड गेलं. अजूनही जातं.

पौषात ओळखीची काही मंडळी प्रयागहून परत आली आणि घरोघर गंगाजल द्यायला फिरली. त्यातल्या एका काकूंनी तिथे वेणीदान केलं होतं. आपल्याकडे प्रयागला नवरा बायकोला मांडीवर बसवतो, तिच्या वेणीचं टोक दोन बोटं कापतो आणि ते संगमात सोडतात. सवाष्णीच्या केसांना कात्री लागावी अशी ती एकच जागा, तिथे ती अशुभ नसते, उलट सौभाग्य वाढवते. काकू रंगवून सांगत होत्या की त्रिवेणीत सोडलेली वेणी तरंगत नाही, दगडासारखी तळाला जाते, तेव्हाच दान पोचलं म्हणायचं. मी पानाचं तबक घेऊन उभी होते. आत्याबाई माळ ओढत होत्या, त्यांचा हात थांबला.

नंतर वन्संनी मला सांगितलं की आत्याबाईंचं वेणीदान राहून गेलं होतं. मामंजी दर वर्षी म्हणत, पुढच्या माघात जाऊ. एका वर्षी त्यांनी सामानही बांधलं होतं, पण निघणं झालं नाही, आणि त्याच उन्हाळ्यात ते गेले. हे सांगताना वन्सं पहिल्यांदाच हळू बोलल्या. मग लगेच म्हणाल्या, "तुझ्या केसांचं दान गंगेने तरी का घ्यावं, म्हणा," आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शास्त्रीबुवांना बोलावणं गेलं. आत्याबाईंनी आडपडद्याने विचारलं, प्रयाग लांब, खर्च परवडत नाही, वेणीदान नर्मदेवर चालेल का? शास्त्रीबुवांनी मान हलवली. वेणीदान त्रिवेणीचं, दुसरीकडे करायचं नाही, असं ते म्हणाले, दक्षिणा घेतली आणि गेले. आत्याबाईंनी जेवायच्या आधी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि धाकट्या पातीच्या शास्त्र्यांना विचारून आल्या. तेच शास्त्र, तेच ग्रंथ, फक्त राज्य वेगळं. ते म्हणाले, गंगामाई स्वतः वर्षातून एकदा काळी गाय होऊन नर्मदेत न्हायला येते, मग नर्मदेला चालेल त्याला कोण नाही म्हणणार? आयुष्यभर धाकट्या पातीच्या लोकांना त्या उठवळ म्हणत आल्या होत्या. त्या दिवसापासून तिकडचे शास्त्री विद्वान ठरले.

मला वाटलं, सुटले. कात्री मिळणार. पण प्रवासाच्या दिवशी पहाटे बाहेर येऊन पाहते तर दाराशी जुंपलेल्या बैलांच्या दमणीत, बिछान्यांच्या खाली, माझी ट्रंक. नर्मदेवरून पुढे आम्ही धारला माझ्या माहेरी जाणार होतो. आत्याबाई म्हणाल्या, वाटेवरच आहे, तर ट्रंक तिथे ठेवून येऊ. कात्रीने टोकं जातील, मुळांची उष्णता कशाने जाईल? दोन्ही केलेलं बरं. मी म्हटलं, तुम्ही चैत्रापर्यंतची मुदत दिली होती. त्या म्हणाल्या, चैत्रात पुन्हा दमणी कोण जुंपणार?

आग्रा-मुंबईचा तो रस्ता मी जन्मभर विसरणार नाही. बैल चालत, खडखडत, आणि प्रत्येक धक्क्याला ती ट्रंक माझ्या पाठीला लागे. वारा कोरडा, बोचरा. पदराखालूनसुद्धा माझे केस उडत आणि आत्याबाईंच्या तोंडावर जात. त्या ते बाजूला सारत आणि ट्रंकेकडे बोट दाखवत. हे पुढे गाडीवानाशेजारी बसले होते. ते दरबारात कारकून, घरात त्याहून मऊ. मी एकदा त्यांना हळूच म्हटलं की आईंना ट्रंकेचं सांगा. ते म्हणाले, वेणी कापायची आहे तेवढंच मला झेपेल. घाट उतरून धामनोदला पोचेपर्यंत मी त्या ट्रंकेतल्या एकेका पुस्तकाचा निरोप घेतला होता.

धामनोदच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळी नर्मदेवर जायच्या आधी आत्याबाईंनी माझी वेणी घातली आणि तिच्यावर तांबडं सूत बांधलं. दानाला तेलकट वेणी चालत नाही म्हणून तेल लावलं नाही. सूत बांधायचं टोकापासून दोन बोटं वर. त्यांनी ते वीतभर वर बांधलं, बरोबर जिथून फाटे सुरू होत होते तिथे. फणी फिरवता फिरवता त्यांनी ती जागा हाताने ओळखली होती. मला मागे दिसत नव्हतं, पण त्यांची बोटं कुठे थांबली ते कळलं आणि मी मान स्थिर धरली.

घाटावरच्या भटजींनी संकल्प सांगितला. मी नवं लुगडं नेसून, नथ घालून ह्यांच्या मांडीवर बसले. लोक बघत होते. भटजींचं सुताकडे लक्ष गेलं. ते म्हणाले, हे फार वर आहे, दोन बोटं म्हणजे दोन बोटं. आत्याबाई म्हणाल्या, सूत असेल तिथे कापायचं, की सुताला सोडून? भटजी म्हणाले, सूत असेल तिथेच. "मग कापा," त्या म्हणाल्या. कात्री बोथट, वेणी जाड. ते करवतीसारखं कापत राहिले. कापून झाल्यावर माझं डोकं एकदम हलकं झालं, जणू कुणीतरी मागून ओढायचं थांबलं. मला हसू आलं, पण मी खाली पाहिलं.

वेणी हळदकुंकवात घोळली, द्रोणात ठेवली, पाण्यात सोडली. द्रोण उलटला. वेणी बाहेर आली आणि तरंगू लागली.

ती तरंगणारच होती. हिवाळाभर वाळलेले, फाटलेले, तेलाचा थेंब नसलेले केस. लाकडाचा ढलपा आणि ती वेणी यांत फारसा फरक नव्हता. ती पाण्यावर छान पसरली, फुगली आणि काठाकाठाने आमच्याकडेच परत येऊ लागली. भटजी दक्षिणा मोजत दुसऱ्या यजमानाकडे वळले होते. हे माझ्याकडे पाहत होते. मी आत्याबाईंकडे पाहिलं.

त्या पाण्यात उतरल्या. आलवण भिजलं, गुडघे बुडाले, कंबर बुडाली. माघातलं पाणी. त्यांनी वेणी पकडली आणि खाली दाबली. हात काढला, वेणी वर आली. पुन्हा दाबली. "जा," त्या तिला म्हणाल्या, मला म्हणतात त्याच आवाजात. "जा म्हटलं ना." पुन्हा वर. डोक्यावरचा पदर पाण्यात गेला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. शेवटी त्यांनी तळातला एक धोंडा उचलला, तांबडं सूत त्याला गुंडाळलं आणि सगळं एकत्र सोडून दिलं. मग काही वर आलं नाही.

काठावर आल्या तेव्हा त्या थरथरत होत्या. मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, डोक्यावरून ओढून घेतली. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"कुणी विचारलं तर बुडाली म्हण," त्या म्हणाल्या. "आपोआप."

मी खोटं बोलत नसे. वडिलांनी तेवढं एक पक्कं शिकवलं होतं आणि आत्याबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना अनेकदा शेजारणींसमोर अवघडल्यासारखं झालं होतं. हळदीकुंकवाला त्या काकू येणार, पहिल्यांदा हेच विचारणार, आणि आत्याबाई आत माजघरात असणार. उत्तर देणारी मी.

"म्हणेन," मी म्हटलं. "ट्रंक देवासला परत येणार असेल तर."

हे दूर जाऊन उगाच पाण्याकडे पाहू लागले. आत्याबाईंनी माझा हात सोडला नाही. मला वाटलं, आता इथेच, नर्मदेच्या काठावर, माझं काय ते होणार.

"बापानं शिकवून ठेवलंय तुला," त्या शेवटी म्हणाल्या. "मुळं भाजली तर माझ्याकडे यायचं नाही."

धारला आम्ही चार दिवस राहिलो. ट्रंक दमणीतून उतरलीच नाही. आईने माझे केस पाहिले, टोकं पाहिली, आत्याबाईंकडे पाहिलं आणि शहाणपणाने काही विचारलं नाही. मी तळ्याच्या पाण्याने न्हाले. आत्याबाईही न्हाल्या, पंच्याने डोकं पुसलं, तो पंचा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाल्या की इथलं पाणी बरं दिसतं. परत आल्यावर रस्त्यापलीकडून दोन घागरी येऊ लागल्या. डाळीला पाणी जास्त लागतं, असं कारण त्यांनी पाणक्याला सांगितलं.

मीही मग शिकले. वाद घालायचा नाही, कारण द्यायचं. न्हाल्यावर केस मोकळे सोडायला मी सूर्याला अर्घ्य द्यायचा नेम धरला. अर्घ्य देता देता केस वाळत. पंच्याने झटकायचं सोडून नुसते टिपून घेई, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फणी टोकाकडून चालवायची तेवढी मात्र त्यांनी कधी मान्य केली नाही. म्हणून मी आधी बोटांनी टोकांचा गुंता काढून ठेवी आणि मग फणी त्यांच्या हाती देई. त्यांना वाटे, फणी सरळ चालते आहे. तेल न्हायच्या आधल्या दिवशी, आणि तिळाचं. त्याला औषध म्हटलं की ते चालत असे.

चैत्रात माझे केस बसले. चमकले नाहीत, पण बसले. बायका आल्या, डोकं पाहिलं, पन्हं प्यायल्या. काकूंनी विचारलं. मी म्हटलं, बुडाली. आतून माजघरातून माळेचा आवाज येत होता, तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. केस कशाने सुधारले यावर आमचं कधी एकमत झालं नाही. त्या नर्मदेचं नाव घेत, मी कात्रीचं. दर तीन-चार वर्षांनी केसांना फाटे फुटू लागले की त्या म्हणत, नर्मदेला जाऊन यायला हवं, फार दिवस झाले. तिथे भटजी, तांबडं सूत, धोंडा. पुढे पुढे धोंडा आधीच बांधलेला असे. वाचू नकोस हे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या, आणि शेवटच्या वर्षी त्यांना दिसेनासं झालं तेव्हा मला खांबाशी बसवून, केसांत हात फिरवत, वाच म्हणत. एका पानावर किती वेळ लागला तेही त्यांना कळे. पान उलटायला उशीर झाला तर, अडलीस का, असं विचारत. त्याची मला फार चीड येई.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले होते. हे अस्थी घेऊन नर्मदेला गेले होते, ते आज संध्याकाळी परत आले. थोरल्या पातीचे शास्त्री प्रयाग म्हणाले होते. ह्यांनी ऐकून घेतलं आणि दमणी धामनोदच्या रस्त्याला लावली. आल्यावर पाय धुतले, ओसरीवर बसले. मी पाणी दिलं.

"बुडाल्या?" मी विचारलं.

"लगेच," ते म्हणाले.

"आपोआप?"

त्यांनी मान डोलावली. मग रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

उद्या दहावा. उद्या न्हाणं, परवापासून तेल चालेल. टोकांना बोटभर फाटे फुटले आहेत. पाहायला नको, हाताला कळतं. मी मघाशी खोबरेलाचा डबा काढला. दगड झाला आहे. तो चुलीशी नेऊन ठेवला, आणि मग उचलून बाजूला केला, तिळाच्या तेलाची बाटली पुढे ओढली, आणि मग तीही ठेवून दिली आणि खोबरेल पुन्हा चुलीशी सरकवलं. वितळायला वेळ लागेल. तोवर इथेच बसते.